व्हिसा त्याच्या खिशात नसतो गं

कुठे बसून वाचतेयस गं हे? नवरा शेजारी नाही ना? आणि फोन कुणाचा आहे? तुझा स्वतःचा, की त्याने घेऊन दिलेला आणि पासवर्ड त्यालाही माहीत असलेला? आधी एवढं बघ, मग पुढे वाच. फोनवर त्याची नजर आहे असं वाटत असेल, तर लगेच लोकेशन बंद करायला धावू नकोस. कालपर्यंत चालू असलेलं आज बंद दिसलं की त्याला संशय येणारच. त्यापेक्षा सरळ लायब्ररीत जा. तिथला कॉम्प्युटर वापरता येतो, मुलांना गोष्टींच्या पुस्तकांपाशी बसवता येतं आणि बाई लायब्ररीत गेली म्हणून कुणाच्या पोटात दुखत नाही.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. त्यातली काही आशियाई बायकांच्या एका रेफ्यूजमध्ये, म्हणजे छळ सोसून घर सोडलेल्या बायकांच्या निवाऱ्यात, मदतनीस म्हणून. मदतनीस म्हणजे काय, तर कुणाचं बोलणं दुसऱ्याला समजावणं, फॉर्म भरणं, मुलांना शाळेत पोचवणं आणि चहा करणं. चहा फार. तुझ्यासारख्या मुली बॅग घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मी बघितल्या आहेत. इंजिनिअर, दंतवैद्य, बी.कॉम. होऊन लग्न झालेल्या, सगळ्या तऱ्हेच्या. आणि जवळजवळ प्रत्येकीचं पहिलं वाक्य एकच असायचं: ‘ताई, माझा व्हिसा त्याच्यावर आहे.’ पुढेपुढे तर ते ऐकलं की मी काही न बोलता आधी आधण ठेवायचे, कारण त्यानंतरचं बोलणं लांबणार हे ठरलेलं.

तर आपणही तिथूनच सुरुवात करू.

‘एक फोन केला की तुला उद्या विमानात बसवतील,’ असं तो म्हणतो ना? बघ, त्याने होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, लग्न मोडल्याचं कळवलं तर तुझ्या व्हिसावर परिणाम होतो, हे खरं आहे. ते मी लपवणार नाही. पण आज त्याने कळवलं आणि उद्या दारात गाडी, असं काही होत नसतं. आणि मुख्य म्हणजे, संसार छळामुळे मोडला असेल तर कायद्यात तुझ्यासाठी वेगळी वाट आहे. ही वाट काही काल-परवाची नाही. २००२ पासून ती ब्रिटनच्या इमिग्रेशनच्या नियमांत आहे आणि बायकांच्या संघटनांनी भांडून ती मिळवली आहे.

नवरा ब्रिटिश नागरिक असेल, किंवा त्याला इथे कायम राहायची परवानगी असेल, आणि तू त्याची बायको म्हणून स्पाउज व्हिसावर आली असशील, तर तू स्वतःच्या नावावर कायम राहण्याची परवानगी मागू शकतेस. त्याची सही लागत नाही. लग्नाला किती वर्षं झाली हा प्रश्न येत नाही. इंग्रजीची परीक्षा नाही. हातात पैसे नसतील तर फी माफ होऊ शकते. तो अर्ज तयार होईपर्यंत राहायचं कुठे आणि खायचं काय, यासाठी तीन महिन्यांची एक सवलत आहे. २०१२ मध्ये ती सुरू झाली, २०२४ मध्ये तिचं नाव बदललं आणि आता तिला ‘मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन’ म्हणतात. नाव पाठ करत बसू नकोस, सोलिसिटरला ते ठाऊक असतं. त्या तीन महिन्यांत तुला सरकारी मदतही मागता येते आणि नोकरीही करता येते.

आता यापुढचं जरा नीट वाच, कारण आपल्या आयटीवाल्यांच्या बायका यात येतात. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि तू त्याची डिपेंडंट. किंवा तो पीएचडीला आलाय आणि तू त्याच्या सोबत. ती तीन महिन्यांची सवलत २०२४ पासून तुलाही मागता येते. पण कायम राहण्याची जी वाट वर सांगितली, ती त्यातून तुला मिळत नाही. शिवाय सवलत घेतलीस की आधीचा डिपेंडंट व्हिसा संपतो. म्हणजे तीन महिने संपल्यावर पुढे काय, हे ठरल्याशिवाय तो फॉर्म भरायचा नाही. अजिबात नाही. तुझं शिक्षण, तुला मिळू शकणारी नोकरी, मुलाचं नागरिकत्व, यातून दुसरी कुठली वाट निघते का, हे आधी जाणकाराला बघू दे. जाणकार म्हणजे नोंदणी असलेला सोलिसिटर किंवा इमिग्रेशन सल्लागार. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सर्वज्ञ काका नव्हेत, आणि बाजारातल्या दुकानात बसलेला व्हिसा एजंट तर नव्हेच नव्हे.

आणि हो, पूर्वी व्हिसाचं कार्ड असायचं, ते नवरेमंडळी कपाटात कुलूप लावून ठेवायची. २०२४ च्या अखेरीला बहुतेक कार्डांची मुदत संपली आणि सगळं ऑनलाइन झालं, ई-व्हिसा. आता कुलूप ई-मेलला असतं. तुझं खातं त्याच्या ई-मेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर उघडलेलं असेल, तर तो बदल करता येतो, पण तो केलास की त्याला कळू शकतं. म्हणून ते बाहेर पडल्यावर, मदतीला कुणी शेजारी असताना करायचं. आज एवढंच कर, पासपोर्ट हाताला लागला तर त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढ आणि आईला किंवा भावाला पाठवून आपल्या फोनमधून पुसून टाक.

‘पण ताई, तो मारत नाही गं.’ हेही मी खूप ऐकलंय. मारत नाही, पण टेस्कोची पावती मागतो आणि कोथिंबिरीची जुडी दोनदा का आणली याचा जाब विचारतो. पगार तुझा, कार्ड त्याच्याकडे. आईशी बोलताना स्पीकर चालू ठेवायला लावतो. बाहेर जायचं तर किती वाजता परत येणार ते लिहून जा. इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने असा ताबा ठेवणं हा गुन्हा आहे, आणि २०२१ च्या कायद्याने पैशांवरून केलेली कोंडी हा छळच मानला आहे. अंगावर वळ असलाच पाहिजे असं नाही. तू मनातल्या मनात जी कात्री लावतेस ना, की ‘माझं एवढं काही नाही, इतरांचं जास्त असतं’, ती आता खाली ठेव. किती आहे ते ठरवायला मदत करणाऱ्या संस्थांत माणसं बसली आहेत.

आता तू म्हणशील, मोठमोठ्या इंग्रज संस्था आहेत, मग आशियाई बायकांच्याच संस्थेकडे का जायचं? खरं सांगू का, मोठ्या संस्थांमध्येही फार चांगल्या बायका भेटतात. पण तिथे तुझी अर्धी ताकद समजावण्यात जाते. सासू कोथरूडमध्ये बसून रोज व्हिडिओ कॉलवर ओटा पुसला का ते बघते, हे सांगितलं की समोरची गोंधळते. सासू तर भारतात आहे ना, मग? लग्नात दिलेलं सोनं सासूच्या लॉकरमध्ये का आहे? धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय म्हणून तू गप्प का? आपल्या बाईला यातलं काही सांगावं लागत नाही. ती मान हलवते आणि पुढचा प्रश्न विचारते.

या संस्था काही कुणी दया येऊन काढल्या नाहीत. लंडनच्या साउथॉलमध्ये १९७९ साली काही आशियाई आणि आफ्रिकन-कॅरिबियन बायकांनी ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ सुरू केली. ‘ब्लॅक’ म्हणजे तेव्हा गोऱ्यांखेरीज सगळ्याच, त्यात आपणही आलो. किरणजित अहलुवालिया हे नाव तुला ऐश्वर्या रायच्या ‘प्रोव्होक्ड’मुळे माहीत असेल. लग्न करून इथे आलेली पंजाबी बाई, दहा वर्षं मार खाल्ला, १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवलं, आणि न्यायालयाने खुनासाठी जन्मठेप दिली. तिच्यासाठी या बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९९२ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला. मग फेरखटल्याऐवजी सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य झाली आणि ती सुटली. वर्षानुवर्षांचा छळ माणसाच्या मनाचं काय करतो, हे इंग्रज न्यायालयांना विचारात घ्यावं लागलं ते अशा खटल्यांमुळे. पुढे २००८ मध्ये तिथल्या ईलिंग काउन्सिलने म्हटलं, की सगळ्या बायकांसाठी एकच सेवा पुरे, वेगळी कशाला. साउथॉलच्या या बायका कोर्टात गेल्या आणि काउन्सिलला माघार घ्यावी लागली. मला विचारशील तर अशा कजाग बायका आपल्या बाजूला असलेल्या बऱ्या.

लंडनमध्ये ब्रेंटला एशियन विमेन्स रिसोर्स सेंटर आहे. एडिंबरामध्ये शक्ती विमेन्स एड, ग्लासगोत हेमत ग्राइफ, वेल्समध्ये बावसो. घराण्याच्या इज्जतीच्या नावाखाली धमक्या येत असतील, तर कर्मा निर्वाणा त्यातच मुरलेली आहे. सगळीकडे पैशांची ओढाताण असते, कधी जागा नसते, कधी फोन उशिरा लागतो. एकीकडे नाही म्हणाले तर तिथेच बसून राहू नकोस, दुसरीकडे फोन कर.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. तुझ्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’, थोडक्यात एनआरपीएफ, असा शेरा असणार. म्हणजे सरकारी भत्ते नाहीत. रेफ्यूजमधल्या खोलीचं भाडं बहुतेक वेळा हाउसिंग बेनिफिटमधून भागतं, त्यामुळे हा शेरा ऐकला की काही ठिकाणी ‘सॉरी’ म्हणतात. तुझं काही चुकलं म्हणून नव्हे, भाडं कोण देणार म्हणून. अशा बायकांसाठीच २०२१ पासून सरकारच्या पैशातून एक योजना आहे, ‘सपोर्ट फॉर मायग्रंट व्हिक्टिम्स’, आणि ती चालवायचं काम साउथॉल ब्लॅक सिस्टर्सकडे आलं. राहायची जागा आणि हातखर्च यासाठी त्यातून मदत होते. म्हणून फोनवर पहिल्या दोन मिनिटांत सांग, की माझ्यावर एनआरपीएफ आहे. ते लपवलंस तर नुसते हेलपाटे होतील.

भाषेचं म्हणशील, तर इंग्रजी येत असूनही अशा वेळी जीभ अडखळते. त्याची लाज वाटू देऊ नकोस. हिंदी बोलणारी बाई बहुतेक ठिकाणी मिळते. मराठीच हवी असेल तर दुभाषा मागता येतो, पण तो फोनवरचा आणि दुसऱ्या गावातला माग, आणि बाईच हवी असं स्पष्ट सांग. आपण मराठी लोक इथे आहोतच किती! लेस्टरमधली दुभाषी बाई गणपतीत तुझ्या नणंदेच्या शेजारी बसून मोदक वळत असायची. आणि नवरा, दीर, मुलगा यांच्यापैकी कुणालाही दुभाषा म्हणून बसू द्यायचं नाही. पोलिसांसमोर, डॉक्टरांसमोर, कुठेही.

रेफ्यूज म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी सिनेमातलं नारी निकेतन आलं होतं. पांढऱ्या साड्या, लांब दालन, चष्मेवाल्या अधीक्षिका. पहिल्यांदा गेले तेव्हा पत्ता चुकला असंच वाटलं, कारण समोर चारचौघांसारखं विटांचं घर, बाहेर कचऱ्याचे डबे आणि आत व्हरांड्यात बाबागाड्यांची गर्दी. तुला आणि मुलांना मिळून एक खोली मिळते, तिला तुझं कुलूप. स्वयंपाकघर बहुधा सामाईक. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एक कप्पा, त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. संध्याकाळी एका शेगडीवर सिल्हेटच्या बाईची मासळी, दुसरीवर पंजाबी राजमा आणि तिसरीवर तुझा कुकर. माझं दही कुणी संपवलं यावरून तिथेही भांडणं होतात, मी खोटं कशाला सांगू! एकदा मी उत्साहात कांदाभजी तळायला घेतली आणि धुराची घंटा अशी वाजली की अख्खं घर नाइटीत फुटपाथवर. तेव्हापासून तळण माझ्याकडे देत नसत.

पत्ता मात्र गुप्त असतो. आईलाही सांगायचा नाही. मैत्रिणीला घ्यायला बोलवायचं नाही. ओळखीच्या मुलखापासून दूर, दुसऱ्याच गावात जागा देतात, म्हणजे बाजारात त्याच्या मित्राची गाठ पडू नये. याचा त्रास होतो. शाळा बदलते, नोकरी असेल तर प्रश्न येतो. मुलगा मोठा असेल तर आधीच विचार, कारण काही रेफ्यूजमध्ये वयात आलेल्या मुलग्यांना घेत नाहीत. प्रत्येकीला एक कीवर्कर देतात. ती डॉक्टरकडे नाव घालण्यापासून सोलिसिटरच्या भेटीपर्यंत सगळं मार्गी लावते. तिच्याशी भांडू नकोस, तिच्याकडे तुझ्यासारख्या बऱ्याचजणी असतात. पण ती विसरली तर आठवण करून द्यायला लाजूही नकोस.

मुलांकडे येऊ. ‘सोशल सर्व्हिसेसला कळलं तर मुलं काढून घेतील’ ही दुसरी धमकी. बघ, त्यांना एकच बघायचं असतं, की मूल सुरक्षित आहे का. मुलाला घेऊन मारापासून दूर जाणारी आई ही त्यांच्या लेखी मुलाला जपणारी आई असते. २०२१ च्या कायद्याने तर घरातला छळ बघणारं, ऐकणारं मूल हे स्वतःच पीडित मानलं आहे, नुसता साक्षीदार नाही. आणि १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टचं कलम १७ लक्षात ठेव. आईच्या व्हिसावर कुठलाही शेरा असो, गरजू मुलाची जबाबदारी काउन्सिलवर आहे, आणि त्यात मुलाबरोबर आईला राहायची सोय करून देणंही बसतं.

पण एवढं वाचून भोळेपणाने एकटी जाऊ नकोस. काही वेळा काउन्सिलमध्ये असंही ऐकवतात, की मुलाला आम्ही ठेवून घेतो, तुझं काय ते तू बघ. किंवा भारताचं तिकीट काढून देतो, जा घरी. त्यावर लगेच सही करायची नाही. ‘मला माझ्या सल्लागाराशी बोलायचंय’ एवढं वाक्य पुरे. संस्थेची बाई शेजारी बसलेली असली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

शाळेत वर्गशिक्षिकेला किंवा मुलांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या शिक्षिकेला विश्वासात घे. पोलीस घरी येऊन गेले तर ‘ऑपरेशन एन्कम्पस’ नावाच्या व्यवस्थेतून शाळेला आपोआप कळवलं जातं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोराने गृहपाठ केला नाही म्हणून त्याला कुणी झापत नाही. तुझा बेत मात्र मुलांना आधी सांगू नकोस. पाच वर्षांच्या पोराला ‘बाबांना सांगू नको हं’ म्हणणं म्हणजे त्याच्या पाठीवर पोतं ठेवणं. शिवाय तो सांगतोच.

आणि गं, मुलांना घेऊन गुपचूप पुण्याला पळण्याचा विचार मनात असेल तर थांब. आईलाही तेच वाटत असणार, की लेकीने एकदाचं घरी यावं. पण बापाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलांना ब्रिटनबाहेर नेलं तर तो इथे गुन्हा ठरू शकतो, आणि मग त्याच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत. उलट तोच मुलांना घेऊन जाईल अशी भीती असेल, तर ते सोलिसिटरला पहिल्याच भेटीत सांग. मुलं पळवून नेण्याबद्दलच्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे एकदा तिकडे नेलेली मुलं परत आणणं फार कठीण जातं. आधीच कोर्टाकडून मनाई आणता येते. छळाचा पुरावा असेल तर आणि उत्पन्न कमी असेल तर लीगल एड मिळते, आणि त्यासाठी लागणाऱ्या पत्राचे पैसे जीपीला घेता येत नाहीत. म्हणून डॉक्टरकडे गेलीस की ‘पडले’ म्हणू नकोस. काय झालं ते सांग, म्हणजे ते तुझ्या कागदावर राहतं. त्याने जवळ येऊ नये म्हणून जो आदेश मिळतो, नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर, त्याला कोर्टाची फी नाही आणि तो मोडला तर अटक होऊ शकते.

एरवी तोंड वाकडं असणारा नवरा अचानक गोड बोलून म्हणाला, ‘चल, महिनाभर नागपूरला जाऊन येऊ’, तर जरा कान टवकार. बायकोला सासरी सोडायचं, तिचा पासपोर्ट उचलायचा आणि एकट्याने परतायचं, हे इतकं घडतं की इंग्लंडच्या कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत त्याला छळाचा एक प्रकार म्हणून नावानिशी जागा मिळाली आहे. जायचंच असेल तर परतीचं तिकीट आणि कागदांच्या प्रती माहेरी ठेव. आणि जी आधीच अशी अडकली आहे तिच्यासाठी: जानेवारी २०२४ पासून, जोडीदार म्हणून स्पाउज व्हिसावर राहिलेल्या आणि परदेशात टाकून दिलेल्या बाईला भारतातूनच ब्रिटनमध्ये परतण्यासाठी अर्ज करता येतो. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्ष आहे, महाराष्ट्रात १८१ हा महिलांचा नंबर आहे, आणि पोलीस ठाण्यांशी जोडलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये त्यांची सुरुवात केली. तिथल्या समाजसेविकांना हे प्रकार नवे नाहीत.

बॅगेचं सांगते, पण भरलेली बॅग पलंगाखाली ठेवू नकोस, पहिली तीच सापडते. एका जागी कागद ओळखून ठेव, म्हणजे निघताना हात थेट तिथेच जाईल. पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, मुलाच्या लसीकरणाचं लाल पुस्तक, रोजची औषधं, बँकेचं कार्ड, चार्जर. आणि मुलाची ती मळकी उशी किंवा अस्वल, ज्याच्याशिवाय ते झोपत नाही. तो ऐवज विसरलीस तर पहिली रात्र कुणीच झोपणार नाही. सोन्याचं म्हणशील, तर स्त्रीधन तुझंच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ते स्पष्ट केलंय, सासूच्या लॉकरमध्ये असलं तरी. लग्नाच्या अल्बममध्ये अंगावर दागिने दिसतात ते फोटो भावाला शोधून ठेवायला सांग. पण पाटल्या काढायला म्हणून परत त्या घरात जाऊ नकोस. निघण्याचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो. ‘मी चालले’ हे त्याला तोंडावर सांगण्याची हौस करायची नाही, कितीही जिभेवर आलं तरी.

आणि जिवावर बेतलं तर सरळ ९९९. एरवी पोलिसांकडे दिलेली माहिती होम ऑफिसकडे जाऊ शकते, म्हणून वेळ हातात असेल तर आधी संस्थेशी बोलून घे असं मी सांगते, पण त्याचा हात गळ्यापर्यंत आला असताना व्हिसाचा विचार करायचा नाही. बोलता येत नसेल तर मोबाइलवरून ९९९ लाव, सूचना ऐक आणि ५५ दाब, म्हणजे त्यांना कळतं की फोन चुकून लागलेला नाही. त्यावरून त्यांना पत्ता आपोआप मिळतोच असं नाही, म्हणून एखादा शब्द बोलता आला तर पत्त्याचा बोल.

आईला काय सांगायचं, हे बऱ्याचजणींना पोलिसांपेक्षा अवघड जातं. ती म्हणेल, ‘संसारात थोडंफार होतंच.’ रागावू नकोस. तिला घाबरवणारं काहीतरी तिच्या डोक्यात आधीपासूनच आहे, बहुधा तुझ्या बाबांची तब्येत आणि शेजारच्या जोशीकाकू. सगळी कहाणी एका फोनमध्ये सांगायची नाही. ‘मी आणि मुलं बरी आहोत, जागा सांगता येणार नाही, त्याचा किंवा त्याच्या आईचा फोन आला तर मला काही माहीत नाही म्हण’ एवढं सांग. भाऊ असेल तर आईऐवजी त्याच्याशी बोल. निदान तो रडत रडत सगळ्यांना फोन करणार नाही.

मदतीच्या फोन नंबरांचं राहिलं. इंग्लंडमध्ये ०८०८ २००० २४७, रात्रंदिवस, फुकट, आणि उचलणारी बाईच असते. स्कॉटलंडमध्ये ०८०० ०२७ १२३४. साउथॉल ब्लॅक सिस्टर्सचा ०२० ८५७१ ०८००. फोन केला म्हणजे घर सोडावंच लागतं असं नाही. खरं नाव सांगावंच लागतं असंही नाही. काहीजणी नुसतं विचारतात, ठेवतात आणि महिन्यांनी परत करतात. पलीकडून पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, की आत्ता बोलणं सुरक्षित आहे का. नसेल तर ‘नाही’ म्हण आणि ठेव. त्या परत फोन करायची वेळ विचारतील तेव्हा मुलांना शाळेत सोडून येण्याच्या वाटेवरची सांग, मेसेज ठेवू नका म्हणून बजाव, आणि तो ज्या दिवशी घरून काम करतो तो वार काही देऊ नकोस.